साठ दिवसांची मुदत

तान्ह्या बाळाची कावीळ घराघरांत परिचित आहे. कोवळ्या उन्हात धरावे, अंगावर पाजत राहावे, पिवळेपणा आपोआप ओसरेल, असे वडीलधारी सांगतात. बहुतेक बाळांच्या बाबतीत तो ओसरतोही. म्हणूनच क्वचित एखाद्या बाळाचा गंभीर आजार या परिचयाआड दडून राहतो.

बिलिअरी अट्रेसिया हा असाच एक दुर्मीळ आजार. यात यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नलिका बुजतात आणि साचलेल्या पित्ताने यकृत निबर होत जाते. बाळ मात्र दूध पिते, वरकरणी गुटगुटीत दिसते. आतल्या बिघाडाची खूण लंगोटावर उमटते: शौचाला रंग देणारे पित्तच न उतरल्याने शी पांढुरकी, राखाडी वा फिकट पिवळी होते.

जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात आतड्याचा भाग थेट यकृताला जोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. ती जन्मानंतर ६० दिवसांच्या आत झाल्यास पित्त वाहू लागण्याची आशा अधिक असते. पुढे ती घटत जाते आणि यकृतरोपणाची वेळ लवकर येते. म्हणून तैवानने २००४ पासून देशभर पालकांना शौचाच्या रंगांचे कार्ड दिले.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी हीच कल्पना ‘पूपएमडी’ या मोबाइल ॲपमध्ये आणली. फोटोतील रंग तपासून तो सामान्य की शंकास्पद, हे ॲप सांगते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकही रंगहीन नमुना ॲपने सामान्य ठरवला नाही. अर्थात नमुने मोजकेच होते. कापडाचा खरा रंग दिव्याखाली नव्हे, दारातल्या उजेडात कळतो. या फोटोलाही तसाच स्वच्छ उजेड हवा.

ॲप शंका दाखवते, निदान करीत नाही. कावीळ दोन आठवड्यांनंतरही रेंगाळली, तर ॲपचा कौल काहीही असो, रक्तातील ‘डायरेक्ट बिलिरुबिन’ तपासून घ्यावे. शी फिकट दिसली, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

बाळंतिणीने सव्वा महिना उंबरठा ओलांडू नये, अशी अनेक घरांत रीत आहे. तेवढ्यातच ६० पैकी निम्म्याहून अधिक दिवस सरतात. आईने विश्रांती जरूर घ्यावी; पण लंगोट बदलणाऱ्या आजीला रंगाची ही खूण ठाऊक असावी आणि बाळाला दवाखान्यात नेण्यासाठी सव्वा महिन्याची वाट पाहू नये.