कुणब्याचा घाम कोणत्या खात्यात?

हल्ली इंजिनियरी, वाणिज्य, भाषा, कायदा अशा निरनिराळ्या शाखांचे पदवीधर पुढील शिक्षणास गेले म्हणजे त्यांस शेतीच्या अर्थशास्त्राची तोंडओळख करून देण्याची सोय असते. गोष्ट चांगली आहे. उद्याचे बँकेचे अधिकारी, माल खरेदी करणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापक आणि सरकारास सल्ला देणारे पंडित याच मंडळींतून निघावयाचे. ज्यांच्या सहीने कर्ज मिळते किंवा नाकारले जाते, ज्यांच्या टिपणीवरून परदेशी जाणारा माल बंदरात अडतो, त्यांस शेतीचा हिशेब येऊ नये हे देशास परवडणारे नाही. तेव्हा हा विषय शिकवू नये असे आम्ही म्हणत नाही. आमचे भांडण त्यातील पहिल्या धड्याशी आहे.

पहिल्या धड्यात मास्तर फळ्यावर दोन रेघा काढतात. एक मागणीची, दुसरी पुरवठ्याची. जेथे त्या एकमेकींस छेदतात तेथे भाव ठरला! विद्यार्थी वहीत चित्र उतरवून घेतात आणि शेती कळली असे समजून उठतात. रेघा खोट्या नाहीत. पण विकणाऱ्यास आज विकलेच पाहिजे आणि घेणारा आठ दिवस थांबू शकतो, ही गोष्ट त्या चित्रात कोठे दिसते? सोसायटीचा हप्ता, दुकानदाराची खताची उधारी आणि मुलीचे लग्न ही तिन्ही ओझी पाठीवर घेऊन जो बाजारात येतो, त्याची रेघ आणि गोदामवाल्याची रेघ एकाच खडूने कशी काढता येईल?

आम्ही खेड्यातील शिक्षक. अध्यापक विद्यालयात शिकलो आणि पोरांस त्रैराशिक शिकवितो. त्याच त्रैराशिकाने या पदवीधरांस एक जुना हिशेब करून दाखवितो. १६९९ साली चार्ल्स डॅव्हनंट या इंग्रज लेखकाने एक कोष्टक छापले. ते ग्रेगरी किंग याच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्याचा मतलब असा की, धान्याचे पीक दहावा हिस्सा कमी आले तर भाव तीन दशांशाने चढतो. आता मांडा. १०० मणांचे ९० मण झाले आणि १०० चा भाव १३० झाला. नव्वदला एकशेतीसने गुणून शंभराने भागा, ११७ येतात. म्हणजे पीक कमी आले आणि सगळ्या शेतकऱ्यांच्या हाती मिळून पैसा जास्त पडला! उलट, पीक उदंड आले म्हणजे भाव त्याहून वेगाने कोसळतो आणि भरल्या खळ्यावर कुणबी रिकाम्या हाताने बसतो. माणसाचे पोट एकच. धान्य स्वस्त झाले म्हणून कोणी दुप्पट भाकरी खात नाही. 'उत्पन्न वाढवा, सुखी व्हा' असा उपदेश करणाऱ्या प्रत्येक साहेबाच्या टेबलावर हे कोष्टक काचेखाली ठेवावे.

आता कोणी म्हणेल, सुकाळात गेलेले दुष्काळात भरून निघते. बाजार शेवटी न्यायी आहे. येथेच खरी मेख आहे. २०२३ सालच्या प्रारंभी महाराष्ट्रात कांद्याचा भाव मातीमोल झाला. मार्चमध्ये राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर करावे लागले. त्याच साली पुढे भाव चढू लागताच केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के कर बसविला आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, तीही ४० टक्के कर लावून. आणि कर पुरा गेला १ एप्रिल २०२५ रोजी. पाहा कसा चमत्कार आहे! भाव पडला तेव्हा तो बाजाराचा नियम होता, आणि भाव चढला तेव्हा नियम बदलून हुकूम निघाला. पडझडीत बाजार, चढतीत सरकार! शहरातील गरिबास कांदा स्वस्त मिळावा या इच्छेस वाईट कोण म्हणेल? आमचा प्रश्न इतकाच की, तो स्वस्तपणा सरकारी तिजोरीतून का द्यावयाचा नाही, आणि तो दोन एकरवाल्याच्या खळ्यावरून का उचलावयाचा? परोपकार करावा, पण दुसऱ्याच्या पिशवीतून करू नये.

दुसरा हिशेब खर्चाचा. पिकाचा उत्पादनखर्च सरकारी पंडित तीन पायऱ्यांनी मोजतात. पहिलीत बी, खत, औषध, मजुरी, भाड्याचे बैल अथवा ट्रॅक्टर, खंडाने घेतलेल्या जमिनीचा खंड असा खिशातून खरोखर गेलेला खर्च. दुसरीत घरच्या माणसांच्या मेहनतीचे मोल मिळवितात. तिसरीत स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज हेही धरतात. २००४ साली नेमलेल्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने, ज्यास लोक स्वामिनाथन आयोग म्हणतात, आधारभूत किंमत सरासरी उत्पादनखर्चाहून निदान पन्नास टक्क्यांनी अधिक असावी अशी शिफारस २००६ साली केली. २०१८ च्या अंदाजपत्रकात सरकारने दीडपट दिल्याची द्वाही फिरविली. पण दीडपट कशाच्या? तर दुसऱ्या पायरीच्या! २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा खर्च क्विंटलला ३२६१ रुपये धरला आणि किंमत ४८९२ ठरविली. गुणाकार बरोबर आहे. गुण्यच अपुरे आहे. आणि एवढे करूनही त्या हंगामात महाराष्ट्रातील कित्येक बाजारांत सोयाबीन त्या किमतीच्या खाली विकले गेले, ते निराळेच.

गावातील किराणा दुकानदार गाळा स्वतःचा असला तरी त्याचे भाडे मनात धरूनच नफा मोजतो. कारखानदार आपल्या भांडवलाचे व्याज सोडीत नाही. मग कुणब्याने मात्र आपली जमीन फुकट समजावी, हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? आणि घरच्या मेहनतीचे म्हणाल तर खुरपणी, वेचणी, निवडणी, गुरांचे शेणपाणी यांत जिचे हात सोलतात तिचे नाव बहुधा सातबाऱ्यावर नाही, आणि बँकेच्या फॉर्मवर तिचा धंदा 'घरकाम' असा लिहितात. खातेवहीत जिची मेहनत नाही तिला मोबदला तरी कोठून मिळणार? जो पदवीधर तोट्याचा असा ताळेबंद नफा म्हणून वाचतो, तोच पुढे 'शेतकरी उधळ्या आहे, कर्ज फेडीत नाही' असा शेरा मारतो. शेरा एका ओळीचा असतो, पण त्याने एका घराची पेरणी चुकते.

शेतकरी अडाणी म्हणून दरिद्री, हा आणखी एक लाडका सिद्धांत. त्याचा समाचार घेण्यास कोणी चळवळ्या नको. थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली आपल्या ग्रंथात उत्तर प्रदेशातील सेनापूर गावचाही दाखला घेऊन दाखविले की, जुन्या पद्धतीचा शेतकरी हाती असलेल्या साधनांचा चोख उपयोग करितो. तो गरीब आहे, मूर्ख नाही. कमतरता साधनांची आणि विद्येची आहे. शुल्ट्झ यांस १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला, तेव्हा विद्येच्या अभावाने शेतकऱ्याची झालेली दैना, त्याच्या अंगावरचा सारा आणि कर्ज, आणि बंधारे घालून पाणी अडविण्याचे उपाय, सारे एकाच ग्रंथात मांडले होते. शेतीचे अर्थशास्त्र शिकवितांना हा ग्रंथ साहित्याच्या कपाटात का ठेवावा, याचे उत्तर विद्यापीठांनी द्यावे.

परशाखेच्या माणसास हे जमत नाही असेही नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरोल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर हे गाव निवडले, जमिनीचे जुने दप्तर आणि घराघराचा जमाखर्च तपासला आणि १९१७ साली पुस्तक छापले. १७७१ साली त्या गावी खातेदाराची सरासरी जमीन ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती, हे त्यांनी दाखविले. आज साऱ्या देशाची सरासरी २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आत आहे. रसायनाच्या पदवीधरास जे शंभर वर्षांपूर्वी सुचले, ते आजच्या पदवीधरांस का सुचू नये?

तेव्हा आमची मागणी साधी आहे. या विद्यार्थ्यांस रेघा शिकवा, पण आधी एका हंगामासाठी प्रत्येकास एका कुटुंबाचा जमाखर्च लिहावयास लावा. नांगरटीपासून पट्टी हाती पडेपर्यंतचा. घरच्या बाईचे दिवस, आडत, हमाली, तोलाई, व्याज सर्व धरून. त्या वहीच्या शेवटी बाकी काय उरते ती लाल शाईने लिहू द्या. मग खुशाल परीक्षा घ्या.

आणि आमच्या वाचकांस एवढेच सांगणे आहे की, विद्यापीठे शहाणी होईपर्यंत वाट पाहू नका. शंभर पानांची वही महाग नाही. तुमच्या घरात चौथी शिकलेले पोर असेलच. त्याच्या हाती ती द्या आणि आपला व आपल्या बायकोचा प्रत्येक दिवस तीत टिपा. दुसऱ्याने लिहिलेला आपला हिशेब खरा मानण्याची खोड मोडली, म्हणजे पुढच्या खेपेस साहेब भाव सांगेल तेव्हा त्याच्यापुढे वही ठेवता येईल.