भोंगा चालेल, पण आधी दिवसाची लाईट द्या



निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात बिबट्या आता पाहुणा राहिला नाही. मादी उसातच विते, तोडणीत पिल्लं सापडतात ती त्यामुळेच. यावर उपाय म्हणून हालचाल ओळखून भोंगा वाजवणारे कॅमेरे आलेत. यंत्राला माझा विरोध नाही. पण "कॅमेरा लावला, प्रश्न मिटला" हे बोलणं आता बंद करा.

साधा कॅमेरा सेकंदाला २५-३० चित्रं काढतो आणि त्यातला फरक शोधतो. नव्या जातीचा कॅमेरा प्राण्याच्या डोळ्यावरून घेतलाय. अमेरिकेत मिशा माहोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी डोळ्याच्या पडद्यासारखी चिप बनवली, तिथून ही वाट निघाली. यातला प्रत्येक ठिपका उजेड बदलला तरच बोलतो, नाहीतर गप्प. त्यामुळे वेग जास्त, वीज कमी. वस्तीवर सोलरवर चालवायला बरं.

पण भाऊ, वारा सुटला की अख्खा ऊस हलतो. दहा वेळा खोटा भोंगा वाजला की अकराव्या वेळी आपणच वायर काढून ठेवतो. आणि बिबट्या झडप घालण्याआधी हलतच नाही, दबा धरून बसतो. १९५९ साली लेटविन आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या डोळ्यावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. बेडूक उडती माशी अचूक टिपतो, पण न हलणाऱ्या खाद्याच्या ढिगात उपाशी मरेल. फक्त हलतं बघणाऱ्या यंत्राची गत तीच. उष्णता बघणारा कॅमेरा जोडला तर बसलेलं जनावरही दिसतं, पण दाट उसाच्या आड तोही आंधळा.

म्हणून मागणी सरळ आहे. चाचणी आपल्या उसात, रात्री, वाऱ्यात घ्या. खोटे भोंगे किती वाजले आणि बिबट्या किती वेळा सुटला, ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. रेंज नसली तरी जागेवरच वाजेल असं यंत्र द्या.

आणि मुळातलं बोला! रात्री दारं धरायला माणूस उसात जातोच का? कारण लाईट रात्रीची. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, २०२३ ला तिची दुसरी आवृत्ती आली. मग बिबट्याच्या गावांचे फिडर यादीत सगळ्यात वर घ्यायला काय हरकत आहे? कॅमेरा बिबट्या बघेल, पण माणसाला रात्री उसाबाहेर ठेवेल ती दिवसाची लाईटच.

तुमच्या फिडरला अजून रात्रीची पाळी असेल तर गाव आणि वेळ खाली लिहा. यादी करून निवेदन देऊ.