पुस्तके घेण्याआधी हिशोब मांडा

दहावीचा निकाल लागला की आमच्या बँकेत मुदतीआधी ठेवी मोडायला येणारे पालक वाढतात. कारण विचारले तर, "मुलीला मेडिकलला घालायचंय, क्लासची फी भरायचीय." मी कॉमर्सचा माणूस, जीवशास्त्र मला कळत नाही. जमाखर्च मात्र कळतो, आणि थोरल्या मुलीच्या वेळी तो माझाही चुकला. क्लासचे संच, जाडजूड ठोकळे, ओळखीच्यांकडची जुनी पुस्तके यांनी कपाट भरले. २०२४ च्या परीक्षेपासून नीटचा अभ्यासक्रम कमी झाला होता. जुन्या पुस्तकांत वगळलेला भाग तसाच होता आणि पोरगी तोही पाठ करत बसली. पहिल्या खेपेला तिची जागा हुकली. सगळा दोष पुस्तकांचा म्हणणार नाही, पण ती आणली मीच होती.

नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. जीवशास्त्राचे प्रश्न बहुतांशी एनसीईआरटीच्या पुस्तकांवरच बेतलेले असतात. म्हणून आधी चालू अभ्यासक्रमाची यादी छापून घ्यावी. मग अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तके, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि भौतिकशास्त्राच्या गणितांसाठी एखादे पुस्तक घ्यावे. एनसीईआरटीची पुस्तके स्वस्त आहेत, संकेतस्थळावर फुकटही मिळतात. हे तीनदा वाचून झाल्याशिवाय चौथे पुस्तक घरात आणू नये.

आता आपल्या सीमाभागाचा खरा प्रश्न. आपली मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पीयूसी विज्ञानाला एकदम इंग्रजीत जाऊन पडतात. नीट २०१७ पासून मराठीतून देता येते, असे आपण अभिमानाने सांगतो. पण मराठी प्रश्नपत्रिका मिळते ती महाराष्ट्रातल्या केंद्रांवर, बेळगावात नाही. शिवाय भाषांतरात संदिग्धता आढळली तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरतात. महाराष्ट्रातही अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतूनच शिकवतात.

म्हणून, कुणाला राग आला तरी सांगतो, पुस्तके इंग्रजीच घ्यावीत. भाषेच्या अभिमानाची किंमत मुलांच्या गुणांतून वसूल करू नये. मात्र दहावीची मराठी पुस्तके रद्दीत घालू नका. केंद्रक, तंतुकणिका, प्रकाशसंश्लेषण हे मुलाला समजलेले असते, अडते ते फक्त नव्या नावाशी. वहीत एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी लिहिला की निम्मी भीती जाते.

बेळगावच्या केंद्रावर मराठी प्रश्नपत्रिका मिळावी, ही मागणी आपण सोडायची नाही. कोणत्या भाषेत पेपर लिहायचा हे आपल्या मुलाने घराजवळ ठरवावे, त्यासाठी कोल्हापूर गाठायला लागू नये. पण निवेदनाचे उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून कसे चालेल? मंडळाच्या खोलीत एक कपाट या पुस्तकांसाठी ठेवावे. सुटीत आपल्या निवृत्त विज्ञान शिक्षकांनी महिनाभर शब्दओळखीचा वर्ग घ्यावा. खर्च फारसा नाही.

माझ्या घरचे कपाट मी या रविवारी रिकामे करून आणतो. मुलीने अभ्यासक्रमाची यादी समोर ठेवून वगळलेल्या भागावर पेन्सिलीने फुल्या मारल्या आहेत. आपणही आपापली कपाटे एकदा उघडून पाहावीत.