पॉलिसीत नाव नको, खिशात लायसन्स हवे



दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "मुलगा आता गाडी चालवायला लागलाय. इन्शुरन्समध्ये त्याचे नाव घालून घ्यावे का?" प्रश्नामागची काळजी खरी आहे. आपल्या कोकणातल्या अनेक घरांतले कोणी ना कोणी इंग्लंडला असते. तिथे सतराव्या वर्षी मोटारीचे लायसन्स मिळू शकते आणि मुलगा घरची गाडी चालवणार असेल तर त्याचे नाव पॉलिसीत लिहून घेतात. त्यासाठी हप्ताही बराच वाढतो. मामूंनी हे फोनवर सांगितले की इथे वाटते, आपणही थोडे पैसे जास्त भरले की काम झाले.

आपल्याकडे तसे नाही. भारतात विमा गाडीसोबत असतो. पॉलिसी मालकाच्या नावाने निघते आणि तिच्यात चालकाविषयी एक अट असते: अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचे चालू लायसन्स हवे. तो मुलगा असो, पुतण्या असो की शेजारी. लायसन्स असेल तर नाव घालण्याची गरज नाही. लायसन्स नसेल तर कितीही हप्ता भरा, ते संरक्षण विकत मिळत नाही. म्हणून खरा प्रश्न नावाचा नसून वयाचा आणि लायसन्सचा आहे.

मोटार चालवण्यासाठी वय १८ पूर्ण हवे. १६ व्या वर्षी पालकांच्या संमतीने जे लायसन्स मिळते, ते ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीपुरते असते. आपल्या दारात उभ्या असलेल्या नेहमीच्या स्कूटरचे इंजिन १०० सीसीच्या वरचे असते. म्हणजे "फक्त स्कूटीच तर आहे" हे म्हणणे कायद्यात बसत नाही. नववी-दहावीची मुले शाळेच्या फाटकापासून दोन गल्ल्या अलीकडे स्कूटर लावून चालत येतात, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. रमजानमध्ये तरावीहनंतर एका गाडीवर तिघे बसून फिरतात, हे सारा मोहल्ला पाहतो.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९ अ घातले गेले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर त्याच्या पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरले जाते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. "आम्हाला न विचारता नेली" असे पालक म्हणू शकतात, पण ते त्यांनी सिद्ध करावे लागते. तोवर गाडी तुमच्या संमतीनेच दिली गेली, असे कोर्ट धरून चालते.

आपल्यातल्या कित्येक घरांत गाडी अब्बांच्या नावावर असते आणि अब्बा कुवेतला किंवा सौदीला. घरी अम्मी, दादी आणि सतरा वर्षांचा मुलगा. बाजार, दवाखाना, लग्नाला जाणे, सगळे त्याच्यावर. काही झाले तर मालक म्हणून अब्बांचे नाव येते आणि पालक म्हणून अम्मीचे. फौजदारी खटला चालू असताना पासपोर्ट नवा करून घेणेही अवघड होते. ज्या नोकरीवर घर चालते, तिच्यावरच गोष्ट येऊन ठेपते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्यावर लोक संतापले आणि पुढे त्याच्या वडिलांनाही अटक झाली. ते श्रीमंत घर होते. ज्यांच्याकडे मोठे वकील करायला पैसे नाहीत, त्यांनी तर अधिकच विचार करायला हवा.

आता विम्याचे बघू. समजा पळस्पे फाट्याजवळ अशा मुलाच्या हातून पायी चाललेल्या माणसाला धडक बसली आणि तो दगावला. आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारेल. मृताच्या घरच्यांना भरपाई देण्याचा प्रश्न मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो. २००४ साली स्वरण सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की कंपनीला सुटका हवी असेल तर मालकाचा निष्काळजीपणा तिला दाखवून द्यावा लागेल. शिवाय कंपनीने आधी पीडितांना पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकते. बापाने स्वतःच्या हाताने चावी दिली असेल तर निष्काळजीपणा दाखवायला फार शोधावे लागत नाही. भरपाई मृताचे वय आणि कमाई पाहून ठरते. कमावता तरुण गेला असेल तर राहते घर विकूनही ती भागेल असे नाही.

आणि हा केवळ पैशाचा हिशेब नाही. नमाज-रोजा हा आपला आणि अल्लाहचा मामला. पण रस्त्यावर कोणाचा हातपाय गेला, कोणाची मुले यतीम झाली, तर तो हुकूकुल-इबादचा मामला आहे. ज्याचा हक्क बुडाला त्यानेच माफ करायचा असतो.

मुलगा किंवा मुलगी १८ ची झाली की मात्र टाळाटाळ करू नका. सारथी पोर्टलवर अर्ज करून लर्निंग लायसन्स काढा. ते सहा महिने चालते आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. लर्निंगच्या काळातही पॉलिसी लागू राहते, पण नियम पाळले तरच: शेजारी पक्के लायसन्स असलेली व्यक्ती बसलेली हवी आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. दुचाकीचे लायसन्स मोटारीला चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

मग पॉलिसी कपाटातून काढून तीन गोष्टी तपासा.

पहिली, पॉलिसी कोणती आहे? बऱ्याच घरांत विम्याबद्दल शरई शंका असते. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा असल्याने तेवढा घेण्यास हरकत नाही, असे अनेक उलमा सांगतात. त्यापुढचा निर्णय आपल्या आलिमांना विचारून घ्या. पण एवढे माहीत असू द्या की नुसत्या थर्ड पार्टीत आपल्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही. गाडीत बसलेल्या घरच्यांचे संरक्षणही त्यात धरलेले नसते.

दुसरी, मुदत. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे "तीन वर्षांचा इन्शुरन्स आहे" असे आपण धरून चालतो. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो.

तिसरी, १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. तो फक्त मालकाचा असतो. अब्बांच्या नावावरची गाडी मुलगा चालवत असेल तर त्यातून मुलाला काही मिळत नाही. त्याच्यासाठी हवा असेल तर वेगळा घ्यावा लागतो. पॉलिसीत मुलाचा विचार करायचाच असेल, तर त्याची खरी जागा ही आहे.

पनवेल आता पूर्वीचे राहिलेले नाही. मुंबई-गोवा महामार्ग इथूनच सुरू होतो, पुण्याची वाहने इथूनच जातात, त्यात बंदराकडे धावणारे कंटेनर. चाळीस वर्षे गाडी चालवणारे चाचाही इथे जपून चालवतात. अठरा पूर्ण होईपर्यंत मुलाला सायकल आहे, बस आहे, रिक्षा आहे. त्याचा खर्च एका अपघातापुढे काहीच नाही.

अल्लाह तआला आपल्या मुलांची आणि त्यांच्या वाटेत येणाऱ्या प्रत्येकाची हिफाजत करो. आमीन.