बिघाड शोधणे हाही प्रयोगच!

दूरध्वनीची घंटा वाजते, पलीकडचा माणूस फोन उचलतो, आपले बोलणे त्याला ऐकू जाते. पण त्याचा शब्द आपल्यापर्यंत पोहोचत नाही. कार्यालयातले फोन इंटरनेटवरून जोडणाऱ्या सर्व्हरवर हा बिघाड नेहमी आढळतो. 'ॲस्टरिस्क' ही मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये तयार केलेली अशा सर्व्हरची प्रसिद्ध आज्ञावली. बिघाड झाला की पुष्कळ जण तिच्यातले दिसेल ते सेटिंग बदलत सुटतात. माझ्या मते ही दुरुस्ती नव्हे. हे अंधारात दगड मारणे झाले.

विद्यार्थी मित्रहो, आधी विचार करू. घंटा वाजली, म्हणजे निरोप पोहोचला. फोन जोडण्याचे निरोप 'सिप' या नियमावलीप्रमाणे, बहुधा ५०६० क्रमांकाच्या पोर्टवरून जातात. आवाज मात्र वेगळ्या पोर्टवरून जातो, आणि तो कोठे पाठवायचा तो पत्ता निरोपातच लिहिलेला असतो. तेव्हा पहिला संशय या पत्त्यावर घ्यावा.

निरोपांची नोंद पडद्यावर पाहता येते. तीत सर्व्हरने स्वतःचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा दिला असेल, तर चोर सापडला! असे पत्ते आतल्या जाळ्यापुरतेच चालतात. परगावच्या पाहुण्याला "मधल्या खोलीत या" एवढेच कळवले, तर तो कोणाच्या घरी जाईल? सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता नोंदवणे, हा यावर उपाय.

येथे एक मेख आहे. ॲस्टरिस्कच्या 'पीजेसिप' भागातील ट्रान्सपोर्टचे सेटिंग सर्वसाधारणपणे नुसत्या 'रीलोड'ने बदलत नाही. आज्ञावली बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. हे ठाऊक नसलेला माणूस योग्य उपाय करूनही "छे, हे कारण नव्हेच" म्हणून तो सोडून देतो! बदल खरोखर लागू झाला का, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

निरीक्षण, तर्क, एका वेळी एकच बदल, पुन्हा निरीक्षण: हीच विज्ञानाची रीत. शाळेत मात्र जुळवून ठेवलेल्या उपकरणांवर ठरलेले उत्तर काढले जाते. शिक्षकांना माझी सूचना आहे: वर्षातून एकदा तरी बॅटरीवरच्या साध्या मंडलात मुद्दाम एक दोष ठेवा. गुण दिवा पेटल्याबद्दल देऊ नका. कशाचा संशय घेतला, तो कसा तपासला आणि का सोडला, या नोंदीला द्या. योगायोगाने पेटलेला दिवा काही शिकवीत नाही.