तीन युनिटांचं पोट

मुंबईत पगार पुरतो का हे ठरवणारे साले आधी माणसंच कापतात. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेनं कामगाराचं कुटुंब म्हणजे तीन युनिट ठरवलं. ते असं मोजतात : नवरा 1, बायको 0.8, दोन पोरं 0.6-0.6. रुपयात वीस पैसे भूक बाईला कमी! आणि आईबाप शून्य. गोदीत गोणी वाहून कंबर मोडलेला आमचा म्हातारा या हिशेबात जेवतच नाही. वर घराला वर्षाचं 72 वार कापड. खोलीभाडं? सरकारी औद्योगिक घरकुल योजनेतल्या किमान जागेचं धरा म्हणे. दाखवा ती खोली! दादर-परळात दलाल डिपॉझिटचा आकडा सांगतो, मग आडनाव विचारतो, मग खोली गेली म्हणतो. आपण नालासोपाऱ्याला, पहाटेच्या लोकलला लोंबकळत. या आडनावाचं जादा भाडं कुठल्या महागाई भत्त्यात बसतं, ते युनियनच्या पुढाऱ्यांनी गेटवर येऊन सांगावं.