सत्यवतीची भूक आणि देवीचा चमत्कार

'जय संतोषी माँ' पाहण्याजोगा आहे काय, असे विचारले की आपल्याकडील पुरोगामी मंडळी नुसती हसतात. १९७५ साली, 'दीवार' आणि 'शोले' यांच्याच वर्षी, तुटपुंज्या भांडवलावर निघालेला हा चित्रपट त्यांच्या जोडीने चालला. पडद्यापुढे पैसे उधळले गेले, आरत्या ओवाळल्या गेल्या, बायका चपला काढून चित्रगृहात शिरल्या. याला 'अंधश्रद्धा' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्या बायकांना पडद्यावर काय दिसले, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली?

भंडारा जिल्ह्यातील विडी वळणाऱ्या स्त्रीच्या शेजारी बसून तो पाहावा. तेंदूची पाने कातरून, मांडीवर सूप घेऊन ती दिवसभर विड्या वळते. माल देताना त्यातल्या काही 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जातात आणि तेवढी मजुरी बुडते. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले. घराने तिला तसे मानले काय? पडद्यावरील सत्यवतीचा नवरा परगावी गेलेला आहे. जावा तिला राबवितात, उपाशी ठेवतात, रानात मोळीसाठी धाडतात. तेंदूपत्त्याच्या हंगामात भल्या पहाटे रान गाठणाऱ्या बाईला यात कल्पित ते काय वाटावे? चित्रपटाचा एवढा भाग खरा आहे, आणि तेवढ्यासाठी तो अवश्य पाहावा. (अभिनयाविषयी न बोललेले बरे. गाणी मात्र कवी प्रदीपांची आहेत आणि आरतीला उषा मंगेशकरांचा आवाज आहे.)

लबाडी सुरू होते ती गुन्हेगार ठरविताना. छळाचे सारे पाप जावांच्या माथी. घर ज्यांच्या नावावर ते पुरुष सहीसलामत! स्वर्गातही तोच न्याय. कळ लावतो नारद, मत्सराने पेटतात मात्र लक्ष्मी, पार्वती आणि ब्रह्माणी. उपाय काय, तर सोळा शुक्रवार, गूळ-चणे आणि आंबट वर्ज्य. या व्रताला भटजी लागत नाही, खर्च लागत नाही, म्हणून ते गरिबांना आपले वाटले, हे समजण्यासारखे आहे. पण त्यातून सत्यवतीला मिळते ती पैसेवाला होऊन परतलेल्या नवऱ्याची मेहेरबानी. हक्क असा काहीच मिळत नाही. सासरचा छळ १९८३ साली स्वतंत्र गुन्हा ठरला आणि महाराष्ट्रात १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा मिळाला, तो काही उपासांचे फळ म्हणून नव्हे. त्यासाठी बायकांना मोर्चे काढावे लागले, विधिमंडळाला जाब विचारावा लागला.

विडी कामगार स्त्रियांच्या सभेत हा चित्रपट जरूर दाखवावा. जावा प्रसादात लिंबू पिळतात, मुले मरतात आणि आळ सत्यवतीवर येतो, त्या ठिकाणी, देवी प्रकट होण्याआधी, तो थांबवावा. दिवे लावावेत आणि जमलेल्या बायकांना विचारावे, आता हिने काय करावे?